कारण स्पष्ट लिहावे

आमच्या पार्सल ऑफिसात तिला सगळे पैलवान म्हणत. काउंटरवर आलेली गोणी काट्यावर चढवायची, वजन लिहायचं आणि मागच्या फळीवर ढकलायची, हे ती हमालाची वाट न बघता एकटी करी. मुकादम म्हणायचा, "हिच्याशी पंजा लढवू नका, हात मोडून घ्याल." ती हसायची. हे दुसऱ्या बाळंतपणाच्या आधीचं.

रजेवरून परतली तेव्हा बाळ चार महिन्यांचं होतं. पंधरवड्यात तिचा अर्ज माझ्या टेबलावर आला, हेडक्लार्क मीच. 'प्रकृतीच्या कारणाने वजन उचलण्याचे काम देऊ नये. चौकशीच्या खिडकीवर बदली मिळावी.' सोबत डॉक्टरीणबाईंची चिठ्ठी होती. तीतही एवढंच, की वजन उचलू नये. मी शेरा मारला, 'कारण स्पष्ट लिहावे', आणि अर्ज परत केला. तीस वर्षं मी तेच करत आलो होतो.

दुसऱ्या दिवशी तिने लिहून आणलं. 'बाळंतपणापासून अंग खाली येते. शिंक आली, गोणी उचलली की लघवी सुटते. दुपारपर्यंत दोनदा कपडे बदलावे लागतात. आणखी उचलले तर ऑपरेशन करावे लागेल.' कागद पुढे करताना तिने माझ्याकडे पाहिलं नाही. "झालं का स्पष्ट?" एवढंच विचारलं.

अर्ज रीतीप्रमाणे पाच टेबलांवरून मॅनेजरांकडे जायचा. तिसऱ्या टेबलावर तो आठ दिवस अडकला. अडकला म्हणजे, लोक चहाला तिथे जमू लागले. पुढे ती दिसली की कोणीतरी मुद्दाम शिंके. मी ऐकत होतो. तंबी द्यायला उठलो नाही. ती मात्र रोज गोण्या उचलत होती.

मग एका सकाळी तिचा नवरा आणि सासू जिना चढून माझ्यापुढे उभे राहिले.

"तो कागद परत द्या," नवरा म्हणाला. "न्हाव्याच्या खुर्चीत बसून ऐकलं मी, माझ्या बायकोला काय होतंय ते!"

तेवढ्यात ती खालून आली. सासू तिच्यावर उसळली, "चार पोरं काढली मी. मलाही हेच होतंय, पंचवीस वर्षं. कुणाला कळलं का कधी?"

"मग बोलायचं होतं, आई. निदान मला तरी. मला वाटत होतं, जगात माझंच काहीतरी बिघडलंय."

"घराची अब्रू चव्हाट्यावर मांडलीस!"

"मी टेबलावर मांडली. चव्हाट्यावर यांनी नेली." तिचं बोट माझ्याकडे होतं.

"अर्ज मागे घे, नाहीतर घरी येऊ नकोस," नवरा म्हणाला.

"येणार. बाळाला दूध कोण पाजणार, तू?"

मग ती माझ्याकडे वळली. "साहेब, फाइल कधी हलणार?"

"रीतसर हलेल."

"बरं. मग मीही रीतसर वागते."

ती खाली गेली आणि काउंटरमागे हाताची घडी घालून बसली. गोणी आली की म्हणायची, "ठेवा तिथंच. मला उचलायची मनाई आहे." हमाल ट्रक भरण्यात गुंतलेले. दुपारी गोण्या दारापर्यंत आल्या. गिऱ्हाइकं एकमेकांच्या अंगावर धावून जाऊ लागली, तसे मॅनेजर खाली उतरले. मी आणि वरचे कारकून त्यांच्या मागे.

"हा काय संप लावलाय? धडधाकट तर दिसतेस. झालंय काय तुला?"

"वरच्या सगळ्यांना तोंडपाठ आहे. त्यांनाच विचारा. इथं, लोकांसमोर सांगू दे त्यांना."

कोणी शिंकलं नाही. मॅनेजरांनी माझ्याकडे पाहिलं आणि मी जमिनीकडे. त्यांनी फाइल तिथेच मागवली आणि एका गोणीवर ठेवून सही केली.

संध्याकाळी ती ऑर्डर घ्यायला वर आली. मी म्हणालो, "ते पान फाइलमधून काढून देतो. नियमात बसत नाही, पण देतो."

"आता काढून काय करू? वाचणाऱ्यांनी वाचलं." तिने ऑर्डर नीट वाचून पर्समध्ये ठेवली. "आणि उपकार केल्यासारखं बोलू नका माझ्याशी."

दुसऱ्या दिवसापासून ती चौकशीच्या खिडकीवर बसते. ऑपरेशन टळलं, असं मुकादमाकडून कळलं. मी समोरून आलो की ती मान फिरवते. चार वर्षं झाली. मला तिला काही सांगायचं आहे, पण तिला ते ऐकायचं नाही.