आईचा हुंकार

पहिल्या वर्षी सीईटीत मी सपाटून आपटले. अभ्यास केला नव्हता अशातली गोष्ट नाही. हायलायटर मारून मारून पुस्तकं पिवळीधमक केली होती, डोकं मात्र कोरं राहिलं. वडील न्हावा शेव्याला ट्रेलर चालवायचे. ते एवढंच म्हणाले, "अजून एक वर्ष घे. नाही जमलं तर ओळखीच्या ऑफिसात कामाला लागायचं." विषय संपला. मला इंजिनिअर व्हायचं होतं आणि हातात ते एकच वर्ष होतं.

क्लासच्या सरांचा एक हट्ट होता. धडा वाचला की पुस्तक मिटायचं आणि कुणाला तरी समजावून सांगायचं. आता सांगणार कुणाला, भिंतीला? मैत्रिणी कधीच कॉलेजात गेलेल्या. जुईनगरच्या आमच्या खोलीत दुपारी मी आणि आई दोघीच. आई मराठवाड्यातली, शाळा सातवीत सुटलेली. तिला म्हटलं, तू नुसती ऐक. तर म्हणते, "नुसतं कसं ऐकायचं? गोष्ट सांगणाऱ्याला हुंकार द्यावा लागतो. नाहीतर गोष्ट तिथंच थांबती."

मग ती मेथी निवडत बसायची आणि मी गुरुत्वाकर्षण सांगायचे. "हं. हं. मग?" असं छान चालायचं आणि मध्येच हुंकार बंद. मी चिडायचे. "अगं, ऐकतेयस ना?"

"ऐकायलेय की. तूच घुटमळायलीस."

पुस्तक उघडून बघावं तर नेमकी तिथंच मी घोकंपट्टी केलेली असायची. तिला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं, पण लेक थापा मारायला लागली की बरोबर कळायचं. असा संताप यायचा म्हणून सांगू. तरी पुन्हा वाचायचं, पुन्हा सांगायचं. उन्हाळा लागला तोवर तिचा हुंकार क्वचितच थांबायला लागला होता.

परीक्षेत एका प्रश्नाला अडले. चारही पर्याय खरे वाटत होते. मनातल्या मनात आईला सांगायला घेतलं आणि तोंडातून मोठ्यांदा "हं" निघालं. पर्यवेक्षक बाईंनी डोळे वटारले, पण गणित सुटलं.

सीट मिळाली ती लांबच्या गावी, हॉस्टेलवर राहायचं होतं. वडिलांनी अख्ख्या मजल्याला पेढे वाटले. आई माझी बॅग भरत होती. भरता भरता म्हणाली, "तो प्रकाशाचा धडा अर्धाच ठेवलास की."

"अगं, झाली ना परीक्षा. आता काय करायचाय तो?"

"परीक्षेचं राहू दे. मला ऐकायचा होता."

बॅग तशीच सोडून मी खाली बसले. ती समोर बसली, आज हातात मेथीही नव्हती. मी आरशापासून सुरुवात केली. चार वाक्यं झाली नाहीत तोच माझा आवाज फुटेना. तरी ती मान हलवत "हं, हं" म्हणत राहिली.