आत्याची चौथी गोळी

आजाराचा अपमान वाटून घेणारी बाई अख्ख्या म्हैसुरात एकच असेल, आणि ती माझी आत्या. लोकांना आजाराची भीती वाटते. आत्याला राग येतो. साधी सर्दी झाली तरी कोणीतरी घरात शिरून उलटसुलट बोलून गेल्यासारखा तिचा चेहरा होतो.

आमचं घराणं रंगाऱ्यांचं. आता बाबा बँकेत आहेत, मी हेब्बाळच्या एका कंपनीत. पण मंडी मोहल्ल्यातल्या घरामागे साड्या रंगवायचं काम आत्याने सोडलेलं नाही. म्हणून थंडीत तिची बोटं आधी पांढरी आणि मग निळी पडू लागली, तेव्हा कोणालाच काही वाटलं नाही. रंगाऱ्याच्या घरात निळ्या बोटांची काळजी कोण करणार? आई तिला चोळायला लिंबू द्यायची. आत्या चोळायची, डाग जायचा नाही, आणि ती "यंदाची नीळ भारी पक्की" म्हणत दुकानदाराचं कौतुक करायची. मग एका आठवड्यात तिने फक्त लाल साड्या रंगवल्या. बोटं निळीच. तेव्हा कुठे मी तिला दवाखान्यात नेलं.

डॉक्टरबाईंनी आजाराचं लांबलचक नाव सांगितलं आणि समजावलं, की शरीराची राखण करणारी यंत्रणाच शरीराला सांधून धरणाऱ्या भागांवर उलटते. कातडी आणि बोटं ताठ होत जातात. "म्हणजे घरचाच वॉचमन मालकाला मारतो," आत्या म्हणाली. इथवर ती शांत होती. मग बाईंनी विचारलं, "शिक्षण किती?"

"सातवी. पुढे अण्णाला, हिच्या बाबाला, शाळेत पाठवलं, मला रंगाच्या हंड्यावर. पण त्याचं इथे काय?"

बाई म्हणाल्या, कमी शिकलेल्यांत असे आजार काही ठिकाणी जास्त आढळतात. शाळा सुटल्यामुळे नाही हो. कष्ट, धूर, उशिरा दाखवणं, अशी कारणं असतील. पण "शाळा"च्या पुढचं आत्याने ऐकलंच नाही. रिक्षात बसल्यावर मला म्हणाली, "पुट्टी, बाईंनी तीन गोळ्या दिल्यात. चौथी मी घेते. दहावी."

आणि तिने खरंच खाजगी फॉर्म भरला. त्यानंतर तिच्यासमोर कोणी दुखण्याचं नाव काढायची सोय राहिली नाही. कण्हणाऱ्याला ती आधी "किती शिकलायस?" विचारायची. शेजारच्या निवृत्त प्राध्यापकांचे गुडघे दुखतात हे कळल्यावर तिने मला हळूच सांगितलं, "एवढं शिकून? कॉपी केली असणार." गार लागू नये म्हणून फ्रिज उघडताना ती हातात बाबांचे पायमोजे घालायची आणि भर एप्रिलमध्ये लोकरी हातमोज्यांनी भेंडी मोडून बघायची. भाजीवाली हसली, तर "सुम्ने बस गं, परीक्षा आहे माझी," म्हणून गप्प करायची. बाबा रोज संध्याकाळी तिचं गणित घ्यायचे. सातवीचा विषय दोघंही काढत नसत.

पण बोटं ऐकेनात. एक पान लिहिलं की पेन गळून पडायचं. मी म्हटलं, लेखनिक घेऊ, मी लिहीन तुझं. चौकशी केली तर कळलं, लेखनिक दहावीच्या खालच्या इयत्तेतला लागतो. आत्या पोट धरून हसली. "बघ, जास्त शिकून कुठे अडतं ते!" मग मी तिला शाईचं जाडजूड पेन आणून दिलं, कारण ते दाबावं लागत नाही, आणि हातमोज्यांची टोकं कापून दिली.

समाजशास्त्राच्या पेपराला मी अर्धी रजा काढून परीक्षेच्या शाळेच्या फाटकाशी उभी राहिले. मुलींच्या गर्दीत ती सर्वांत शेवटी आली. सावकाश, हात पदरात गुंडाळून.

"कसा गेला?"

"शेवटचा प्रश्न राहिला." मग म्हणाली, "पण येत होता मला. सगळा येत होता."

मी तिचा हात बाहेर ओढला. बोटं निळी होती. बाटलीतल्या पाण्याने रुमालाचं टोक भिजवून मी पुसायला लागले. थोडा निळा रंग रुमालावर आला. थोडा बोटांतच राहिला.

"राहू दे गं पुट्टी," आत्या म्हणाली. "अण्णाला दाखवायचीय. शाई."

मी रुमाल घडी करून ठेवला आणि तिचा हात दोन्ही हातांत धरून बसस्टॉपपर्यंत चालत आले. तो बराच वेळ गारच होता.