आजी गप्प बसली

माझ्या हातून आयुष्यात झालेला सगळ्यात मोठा मूर्खपणा म्हणजे मी एकदा एका सहा वर्षांच्या मुलीच्या डब्याचं झाकण उघडून दिलं. तुम्ही म्हणाल, यात कसला मूर्खपणा? आजीने नातीचा डबा उघडायचा नाही तर कोणाचा? मलाही तेव्हा तसंच वाटलं होतं. झाकण उघडून वर मी "खा गं सोन्या" असंही म्हटलं आणि शाबासकीच्या अपेक्षेने तिच्या बाईंकडे पाहिलं. आता, उभ्या मीरा-भाईंदरात त्या बाईंइतकं थांबता येणारं दुसरं माणूस नाही, हे मी पैजेवर सांगते. पण त्या क्षणी त्यांचा चेहरा पाहिला आणि मला कळलं की आपण काहीतरी भयंकर केलंय. चेहरा रागावलेला नव्हता. दोन तास वाट पाहून आलेली बस डोळ्यांसमोरून निघून जावी, तसा होता.

या बाई म्हणजे ओवीच्या, माझ्या नातीच्या, प्राथमिक शाळेतल्या विशेष शिक्षिका. ज्या मुलांना शिकायला वेगळी वाट लागते, त्यांच्यासाठीच्या. राहायच्या उत्तनला. घरात पिढ्यान्‌पिढ्या मासेमारी, भाऊ अजून बोट घेऊन जातो, आणि या रोज सकाळी बस धरून आमच्या मीरा रोडला. आम्ही सगळे त्यांना 'उत्तनच्या टीचर' म्हणायचो. शाळेत बोलणं छापील पुस्तकासारखं, नया नगरातून येणाऱ्या आयांशी हिंदी, पण मनापासून काही सांगायचं असलं की गावची बोली बाहेर यायची. त्यांचं एक वाक्य मी निदान हजार वेळा ऐकलं असेल: "घाई कोणाला हाय?"

त्यांची खोली जिन्याखाली. आधी तिथे जुनी बाकं ठेवायचे. त्या खोलीत एकाही खुर्चीचा आवाज व्हायचा नाही, कारण प्रत्येक पायाला भोक पाडलेला टेनिसचा चेंडू घातलेला. खुर्ची सरकली की कर्रर्र होतं आणि त्या आवाजाने काही मुलांच्या डोक्यात कळ जाते, असं त्या सांगायच्या. चेंडू आणले कुठून? पूनम सागरमधल्या सगळ्या सोसायट्यांत काचा फुटल्यावर चेंडू जप्त करून ठेवणारा एकेक काका असतो. टीचर त्या प्रत्येक काकांच्या दारात जाऊन उभ्या राहिल्या. एका काकांनी म्हणे वीस चेंडू दिले आणि वर विचारलं, "तुम्ही स्वतः खेळता का?" टीचर म्हणाल्या, "अजून टीममध्ये घेतलं न्हाय." कोपऱ्यात छताच्या हुकाला भावाचं जुनं जाळं टांगलेलं. एखादं मूल फार बिथरलं की त्या जाळ्यात जाऊन बसायचं, जाळं त्याला चारी बाजूंनी घट्ट धरायचं आणि पाच मिनिटांत ते शांत व्हायचं. मासळीचा वास येतो अशी तक्रार एका पालकांनी केली, तेव्हा टीचरनी जाळं तीनदा धुतलं. चौथ्यांदा मुलांनीच धुऊ दिलं नाही.

पण त्यांची खरी विद्या थांबण्याची. मुलाला प्रश्न विचारायच्या आणि थांबायच्या. पुन्हा विचारायच्या नाहीत, सुचवायच्या नाहीत, मान हलवायच्या नाहीत. एकदा शाळेत कोणी मोठे पाहुणे आले. त्यांनी एका मुलाला नाव विचारलं. मुलगा गप्प. मुख्याध्यापिका पाठीमागून पुटपुटल्या, शिपाई पुटपुटला, पाहुण्यांचा ड्रायव्हरसुद्धा काहीतरी पुटपुटला. टीचरनी हाताचा तळवा वर केला, रस्त्यावरचा पोलीस करतो तसा, आणि सगळी शाळा थांबली. पाहुण्यांनी दोनदा घड्याळ पाहिलं. चार मिनिटांनी तो मुलगा म्हणाला, "पंखा आवाज करतो." टीचर म्हणाल्या, "बरोबर. करतो." दुसऱ्या दिवशी पंख्याला तेल मिळालं.

आणि त्यांची वही. रोज प्रत्येक मुलाचं एक वाक्य, त्या दिवशी नवीन घडलेलं. 'बूट उलटे घातले, पण स्वतः.' 'चिडला, पण आधी सांगून.' मी बत्तीस वर्षं सरकारी कचेरीत काढली, गोपनीय अहवालांच्या थप्प्या पाहिल्या, पण माणसाकडे इतकं बारकाईने पाहून लिहिलेली एक ओळही कुठे वाचली नव्हती.

आता त्या बत्तीस वर्षांत मी काय करत होते ते सांगितलंच पाहिजे. मी चौकशीच्या खिडकीत बसायचे. माणूस खिडकीशी आला, "मॅडम, माझ्या वडिलांचं…" इतकं बोलला की मी म्हणायचे, "दुसरा मजला, सात नंबर, दोन फोटो आणा." मला वाटायचं, केवढी मी हुशार! अर्ध्या वाक्यात माणूस ओळखते! एका म्हाताऱ्या गृहस्थांना मी असं तीन वेळा सात नंबरला पाठवलं. चौथ्या वेळी ते खिडकीचा गज धरून म्हणाले, "बाई, मला फक्त पाणी कुठे मिळेल ते विचारायचंय." मी तो किस्सा त्यांची गंमत म्हणून कितीतरी वर्षं सांगत होते. गंमत कोणाची होती, ते मला फार उशिरा कळलं.

ओवी सहा वर्षांची झाली तरी बोलत नव्हती. त्यात आमची कोणाची चूक नाही, हे डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं होतं. पण जे थोडंफार बोलणं तिच्या ओठांशी येत होतं, त्याच्या दारात मी ठाण मांडून बसले होते. तिने पाण्याकडे पाहिलं की पाणी हजर. पंख्याकडे पाहिलं की पंखा सुरू. इकडे तिच्या नेहमीच्या वर्गशिक्षिकांनी माझ्या मुलाला आणि सुनेला बोलावून सांगितलं, "पन्नास मुलं आहेत हो माझ्याकडे. ही तहान लागली तरी सांगत नाही. दिवाळीपर्यंत बघू, नाहीतर तुम्ही दुसरी शाळा बघा." मुलाने दुसऱ्या शाळेचा फॉर्म आणून फ्रिजवर ठेवला. ती शाळा दीड तासावर. घरात त्या फॉर्मबद्दल कोणी बोलायचं नाही, पण दूध काढताना सगळे त्याच्याकडे बघायचे.

टीचरनी जूनपासून एकच गोष्ट धरली होती. ओवीच्या डब्याचं झाकण त्या घट्ट लावायच्या, डबा तिच्यासमोर ठेवायच्या आणि थांबायच्या. तिने डबा पुढे ढकलला, हात धरला, बोट दाखवलं, की उघडायच्या. उपाशी कधी ठेवलं नाही. पण उघडण्याआधी रोज थोडं जास्त थांबायच्या. शुक्रवारी मला मागे बसायची परवानगी होती. त्या शुक्रवारी ओवीने डबा हातात घेतला, टीचरकडे पाहिलं, ओठ गोल केले, घशातून काहीतरी वर येऊ लागलं, आणि मी चपळाईने पुढे होऊन झाकण उघडलं.

टीचरनी वहीत लिहिलं, 'ओवीने ओठ गोल केले. आजीने डबा उघडला.' मग वही माझ्यापुढे धरली. मी वाचलं. बत्तीस वर्षांत मला मिळालेला हा पहिला खरा गोपनीय अहवाल.

"आजी, तुम्हाला गृहपाठ देते," त्या म्हणाल्या. "घरी तुम्हाला काही येत नाही असं वागायचं."

"काही म्हणजे?"

"काहीच न्हाय. जेवायला वाढा, चमचा देऊ नका. मोजा हातात घाला. कपाट उघडायला जा आणि तिथंच उभ्या राहा. हिला वाटलं पाहिजे की ही बाई सांगितल्याशिवाय हलायची न्हाय."

मी मन लावून गृहपाठ केला. मोजा कानावर चढवला. रिकाम्या पेल्यातून पाणी प्यायले. टीव्हीचा रिमोट घेऊन भिंतीकडे तोंड करून बसले. ओवी माझ्याकडे टक लावून बघायची, आणि तिच्याहून जास्त माझी सून बघायची. आठ दिवसांनी तिने मुलाला स्वयंपाकघरात नेलं. मला सगळं ऐकू येत होतं. "आईंना एकदा दाखवून आणू या का? आज त्यांनी बूट फ्रिजमध्ये ठेवला." बूट फ्रिजमध्ये ठेवणं गृहपाठात नव्हतं. ती माझी स्वतःची भर.

त्याच संध्याकाळी ओवीने माझ्या कानावरचा मोजा काढला, माझ्या पायात घातला आणि मोठा उसासा टाकला. शब्द नाही. पण तो उसासा शंभर टक्के माझ्यासारखा होता.

दिवाळीच्या सुट्टीला चार दिवस उरले असताना पुन्हा शुक्रवार आला. मी खुर्चीत दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसले. डबा समोर. टीचर समोर. ओवीने ओठ गोल केले, सोडले, पुन्हा गोल केले. माझ्या हातांना मुंग्या आल्या. किती वेळ गेला देव जाणे. बाजूच्या वर्गात नऊचा पाढा संपून दहाचा सुरू झाला.

"उघड," ओवी म्हणाली.

टीचरनी उघडला. टाळ्या नाहीत, मिठी नाही. पाणी मागावं आणि मिळावं इतकं साधं. "घे," म्हणाल्या आणि पुढच्या मुलाकडे वळल्या. मी मात्र रुमाल शोधत होते आणि तो मी आदल्या दिवशी फ्रिजमध्ये ठेवला होता. सुटताना वही पाहिली. 'ओवी उघड म्हणाली. आजी गप्प बसली.' दोन ओळी, एकाखाली एक. त्या रात्री मुलाने फ्रिजवरचा फॉर्म काढून फाडला.

याला नऊ वर्षं झाली. यंदा टीचर निवृत्त झाल्या. निरोप समारंभात पालकांच्या वतीने मी बोलावं असं ठरलं. मी सत्तरीची, तोंडाची मुलुखमैदान तोफ, मला कागद कशाला? उभी राहिले, गोष्ट रंगात आणली, "आणि मी पुढे होऊन त्या डब्याचं…" आणि शब्द गेला. हल्ली जातात. समोर असतात आणि दिसत नाहीत. मी हाताने गोल करून दाखवला. पहिल्या रांगेतून सून ओठ हलवू लागली, वर्गशिक्षिका कुजबुजल्या, मागून कोणीतरी "बोलिए ना आंटी" म्हणालं.

टीचर खुर्चीत बसल्या होत्या, गळ्यात झेंडूचा हार. त्यांनी तळवा वर केला. सभागृह गप्प झालं.

मी उभी. वर पंखा फिरत होता, त्याचा आवाज येत नव्हता. पहिल्या रांगेत ओवी, पंधरा वर्षांची, दोन्ही हात मांड्यांखाली दाबून माझ्याकडे बघत होती. एकदा तिचे ओठ हलले. तिने ते घट्ट मिटले.

"झाकण," मी म्हणाले.

टीचरनी हार बाजूला सारला, पर्समधून वही काढली आणि काहीतरी लिहिलं. काय ते मी विचारलं नाही. दुसऱ्या दिवसापासून त्या आमच्या मीरा रोडला यायच्या नव्हत्या, आणि कितीतरी मुलांच्या आज्या अजून न शिकलेल्याच राहिल्या होत्या.

घरी जाताना ओवी रिक्षात माझ्या शेजारी बसली. सिल्व्हर पार्कच्या सिग्नलला रिक्षा थांबली, तेव्हा माझ्याकडे न बघता म्हणाली, "मला येत होता तो शब्द, आजी. पण मी नाही सांगितला."