कंदिलाच्या काजळीची मिशी

घरात कोणी झोपलेलं असलं की मी त्याच्याविषयी अवाक्षर काढत नाही. सुना आधी हसायच्या, आता त्यांनाही सवय झाली आहे. ही खोड मला कॉलेजातल्या एका रात्रीनं लावली. त्या रात्री आमचा एक मित्र डोळ्यांदेखत मरणाला टेकला होता आणि आम्ही त्याची थट्टा करत बसलो होतो.

साठ-एकसष्टची गोष्ट असेल. यवतमाळला गावाच्या टोकाशी आम्हा तिघांची एक खोली होती. मी बाभुळगावचा. दुसरा पांढरकवड्याचा, त्याचे अब्बा ट्रकांची दुरुस्ती करायचे. तिसरा राळेगावकडच्या बंजारा तांड्यावरचा. हा तिसरा वर्गात कायम पहिला यायचा आणि मी कायम दुसरा. वरून इतका साधा, की त्याचा रागराग करायचीही सोय नव्हती. मी तरीही करायचो, मनातल्या मनात.

परीक्षेच्या दिवसांत रात्र जागवायची तर आमचा कायदा ठरलेला होता. प्रत्येकानं पाळीपाळीनं अर्धा तास सतरंजीवर पडायचं, बाकीच्यांनी त्याला उठवायचं. पाळी सोडून जो झोपेल, त्याच्या तोंडावर कंदिलाच्या काचेवरची काजळी. मिशी, चष्मा, जे सुचेल ते. माझ्या तोंडावर एकदा कुंकवासारखा मोठा टिळा काढला होता आणि मी तसाच सकाळी हॉटेलात चहा प्यायला गेलो होतो.

त्या रात्री उकाडा असह्य होता. मार्चचा शेवट. खोलीमागे घरमालकानं पऱ्हाट्या, म्हणजे कापूस वेचून झाल्यावरची वाळकी झाडं, जळणासाठी रचून ठेवल्या होत्या. वारा नसतानाही त्यांत काहीतरी खुसखुसत राहायचं. बाराला तांड्यावरच्या मित्राची पाळी संपली. उठताना तो कानामागे खाजवत म्हणाला, "मुंगी डसली वाटते."

एकनंतर तो पोट धरून बसला. "लय दुखून राह्यलं," म्हणाला. आम्ही म्हणालो, पहिल्या नंबरालाही आज बहाणे सुचायला लागले. मग त्याच्या पापण्या उतरू लागल्या. तो भुवया ताणायचा, मान मागे टाकून बारीक फटीतून पुस्तक पाहायचा. त्याचं ते ध्यान पाहून आमची हसून पुरेवाट झाली. काही बोलायला गेला तर शब्द नाकातून आले. मी त्याच्या डोळ्यांवर पाणी मारलं. ते गालांवरून ओघळलं, पापणी हलली नाही. शेवटी तो भिंतीला टेकला आणि तिथून हळूहळू आडवा झाला.

"उठवू का याले?" पांढरकवड्याच्या मित्रानं विचारलं.

"झोपू दे," मी म्हणालो. "उद्याचा पेपर याचा गेला, तं यंदा पयला मी."

हसत म्हणालो, पण ती थट्टा नव्हती. मग काजळी बोटावर घेऊन मी त्याला झुपकेदार मिशी काढली. त्याच्या ओठाच्या कोपऱ्यातून लाळ येत होती, तिच्यात काजळी पसरली.

त्यानंतर तासभर खोली फार शांत होती. मी पाठ करत होतो, पण कोणीतरी आपल्याकडे लक्ष देऊन ऐकतंय असं सारखं वाटत होतं. उठून दार पाहिलं, खिडकी पाहिली. बाहेर अंधार आणि पऱ्हाट्यांची ती खुसखुस. परत येऊन बसलो तरी अंगावरचा काटा जाईना. मित्राकडे मात्र एकदाही पाहिलं नाही, कारण तो झोपला होता.

तीनच्या सुमारास पांढरकवड्याचा मित्र त्याला उठवायला गेला. हलवलं, चिमटा काढला. मग अंगठ्यानं त्याची एक पापणी वर केली आणि तसाच थांबला. मला कंदील जवळ आणायला सांगितलं. उजेडात बुबुळ सरळ समोर रोखलेलं दिसलं. डोळ्यातून पाणी वाहत होतं.

"हा झोपला नाई बे," तो पुटपुटला. "हा पाहून राह्यला."

मग त्याच्या कानाशी तोंड नेऊन त्यानं विचारलं, "आयकू येते का तुले? येत असन तं बोट हलव."

सतरंजीवर पडलेल्या हाताची करंगळी जराशी उचलली आणि पडली.

त्याला सायकलच्या कॅरिअरवर बसवून, त्याच्यामागे मी बसून त्याला आवळून धरून, आम्ही सरकारी दवाखान्याकडे निघालो; सायकल पांढरकवड्याचा मित्र हाणत होता. सगळ्या रस्ताभर त्याची मान माझ्या खांद्यावर डोलत होती. मला त्याची भीती वाटत होती. मरेल याची होती, आणि वाचला तर बोलेल याचीही होती.

"मण्यार साप," डॉक्टर म्हणाले. "चावल्याचं कळत नाही. माणूस लुळा पडतो, पण शुद्धीत असतो. सगळं ऐकू येतं." मग मिशीकडे बोट करून विचारलं, "हे काय?" मी सदऱ्याच्या बाहीनं ती पुसायला लागलो.

इंजेक्शनं झाली. श्वास टिकला तर वाचेल, कोणीतरी सारखं लक्ष ठेवा, असं डॉक्टरांनी बजावलं. अकराला आम्हा तिघांचाही पेपर होता. पांढरकवड्याचा मित्र त्याच्या छातीवर हात ठेवून संध्याकाळपर्यंत बसून राहिला. मी पेपराला गेलो. पेपर चांगला गेला.

तो वाचला. तिसऱ्या दिवशी त्याच्या पापण्या उघडल्या आणि पुढच्या आठवड्यात घरचे त्याला तांड्यावर घेऊन गेले. तोवर मी दवाखान्यात भेटायला जायचो ते नेमकं गर्दीच्या वेळी.

जूनमध्ये निकाल लागला. फलकासमोर उभा होतो, तर दोघंही मागे आलेले. तो वाळला होता, पण आवाज पूर्वीचाच होता.

"आला नं बे पयला."

त्याच्या बोलण्यात राग नव्हता, आणि तेच मला सोसेना. "त्या राती मी जे बोललो..." मी सुरुवात केली.

"आयकलं मी," तो म्हणाला. मग सायकल धरून उभ्या असलेल्या मित्राकडे एकदा पाहून तो परत माझ्याकडे वळला. "तुया वह्या दे आमाले. आमाले दोघाइले पुन्हा बसा लागते."