दादरच्या चौपाटीवरची रंगीत तालीम

माझ्या सासऱ्यांनी आयुष्यात कुठलीच गोष्ट पहिल्यांदा केलेली नाही. जे केलं ते आधी एकदा करून बघितलं, आणि मगच खरं केलं. तरुणपणी ते गिरणीत होते आणि पाळी सुटली की लालबागच्या एका नाट्यमंडळात विंगेत उभे राहून नटांना वाक्यं पुरवायचे. पुढे गिरणी बंद पडली, मंडळ मोडलं, हिंदमाताच्या एका कापडाच्या दुकानात साड्यांच्या घड्या घालण्यात बरीच वर्षं गेली, पण तालमीवरची श्रद्धा सुटली नाही. घरात नवा कुकर आला तेव्हा आधी नुसत्या पाण्याच्या शिट्ट्या झाल्या आणि मग डाळीला आत प्रवेश मिळाला. मोतीबिंदूच्या ऑपरेशनच्या आदल्या दिवशी एका डोळ्याला रुमाल बांधून ते चाळीचा जिना चढत-उतरत होते. शेजारच्या काकूंनी घाबरून विचारलं, "काय लागलं हो डोळ्याला?" तर म्हणाले, "अजून नाही. उद्या." आमच्या लग्नाच्या आदल्या संध्याकाळी त्यांनी चाळीच्या गॅलरीत अंतरपाट धरायला लावून आमची तालीम घेतली. मी घातलेला हार वाकडा पडला म्हणून तो काढून पुन्हा घालायला लावला. त्यामुळे माझं लग्न नक्की कोणत्या दिवशी लागलं याबद्दल मला अजून थोडी शंका आहे.

मी हसतो खरा, पण या माणसाचे माझ्यावर उपकार आहेत. मी मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावचा. आमच्या घराण्यात पदवी घेतलेला पहिलाच. मुंबईत नोकरी लागली, पण बढतीची मुलाखत इंग्रजीत असते हे कळल्यावर माझी झोपच उडाली होती. मामा (सासऱ्यांना मी मामा म्हणतो) ऐन उन्हाळ्यात कोट घालून माझ्यासमोर खुर्ची टाकून बसले. त्यांना इंग्रजीतला एकच प्रश्न येत होता, "व्हाय यू?" तो त्यांनी मला रागाने विचारला, प्रेमाने विचारला, पेपर वाचता वाचता, जांभई देता देता विचारला. मी उत्तर देत राहिलो. शेवटी शेवटी माझी भीतीच दमली. बढती मिळाली, परळला ऑफिसचं क्वार्टर मिळालं, आणि पेढे घेऊन गेलो तेव्हा मामा म्हणाले, "जावईबापू, त्यांनी कसं विचारलं? रागाने की जांभई देत?"

तर अशा माणसाने गेल्या उन्हाळ्यात नातवंडांच्या मे महिन्याच्या सुट्टीत सगळ्यांनी समुद्रावर जायचं ठरवलं. कारण सासूबाई होत्या. त्या सिंधुदुर्गातल्या समुद्रकाठच्या गावच्या. माहेरचं घर केव्हाच विकलं गेलं, भाऊ गुजरातेत स्थायिक झाले, आणि गेल्या काही वर्षांत सासूबाईंच्या मनातून एकेक गोष्ट पुसली जाऊ लागली. आधी गॅस विसरल्या, मग शेजाऱ्यांची नावं, मग मधूनच आम्ही. आमच्याशी एरवी शहरी मराठीत बोलणाऱ्या त्या आता लहानपणच्या मालवणीत बोलू लागल्या. समुद्र मात्र अजून शाबूत होता. दुपारी उठल्या की विचारायच्या, "भरती इली काय रे?" डॉक्टर म्हणाले, न्यायचं असेल तर आत्ताच न्या, पुढच्या वर्षी ओळखतीलच असं नाही. पण अनोळखी जागेत त्या बिथरायच्या. एका नातेवाइकाच्या लग्नात हॉलमध्ये शिरल्या शिरल्या "माका घराक न्हेया" म्हणून त्या लहान मुलीसारख्या रडल्या होत्या. म्हणून यावेळी काही म्हणजे काही चुकून चालणार नव्हतं.

मामांनी स्वस्तातली सगळी कोकणपट्टी फोनवरून पालथी घातली. जिथे पर्यटक जातात तिथलं जेवणसुद्धा आम्हाला झेपणारं नव्हतं. शेवटी सासूबाईंच्या गावाशेजारीच एका बाईंकडे घरगुती राहायची सोय सापडली. त्या बाईंना मामा रोज फोन करायचे. पायऱ्या उंच आहेत का, रात्री दिवा कुठे लावता, कुत्रा भुंकणारा आहे की नुसता बसणारा. एकदा तर मी ऐकलं, "आणि समुद्र तिथेच आहे ना?" पलीकडून बाई म्हणाल्या, "काका, तो खंय जातलो?"

तिकिटं निघाली आणि मामांनी जाहीर केलं, निघायच्या आधीच्या रविवारी रंगीत तालीम. दादर चौपाटीवर. सगळ्या सामानासकट. माझी बायको म्हणाली, "बाबा, लोक हसतील." ते म्हणाले, "हसू देत. तालमीला फुकट प्रेक्षक कोणाला मिळतात?" बॅगांना खरं वजन यावं म्हणून त्यांत रद्दी भरली. हिंदमाताच्या फुटपाथवरून माझ्यासाठी फुलाफुलांची अर्धी चड्डी आणली होती, ती मला घालावीच लागली. सकाळी शिवाजी पार्कच्या कडेने आमची वरात चालली तेव्हा फिरायला आलेले एक गृहस्थ थबकले.

"कुठे निघालात?"

"कोकणात," मामा म्हणाले.

"अहो, पण स्टेशन मागे राहिलं."

"ते पुढच्या वेळी," मामा म्हणाले आणि चालत राहिले.

चौपाटीवर भरती होती. पाणी काही फार स्वच्छ नव्हतं, पण उन्हात चकाकत होतं. मामा हातात घड्याळ घेऊन सूचना देऊ लागले, सतरंजी इथे, डबा सावलीत, मुलांनी गुडघ्यापुढे जायचं नाही. आम्ही सतरंजीच्या घड्या उलगडत होतो, तेवढ्यात सासूबाईंनी चपला काढल्या. लुगडं जरा वर खोचलं आणि कोणाचा हात न धरता त्या सरळ पाण्यात गेल्या. लाट पायांवर आली तशी त्यांनी ओंजळ भरून पाणी डोळ्यांना लावलं. मग लांबवर सी लिंककडे बघून कौतुकाने म्हणाल्या, "खाडयेर केवढो साकव बांधल्यानी!" गावच्या ओढ्यावरच्या लाकडी पुलाला त्या साकव म्हणायच्या. आणि मागे वळून त्यांनी मामांना विचारलं, "इलंव मां आपण?"

माझी बायको म्हणायला गेली, "आई, अगं ही तर दादर..." मामांनी नुसता तळवा वर केला. विंगेतून नटाला थांबवतात तसा. मी त्यांच्याकडे बघत होतो. हा माणूस आयुष्यात तालीम म्हणजे तालीम आणि प्रयोग म्हणजे प्रयोग यांत कधी गफलत करणारा नव्हता. त्यांनी घड्याळ खिशात टाकलं, पँट गुडघ्यापर्यंत दुमडली, सासूबाईंच्या शेजारी पाण्यात जाऊन उभे राहिले आणि म्हणाले, "इलंव गो. पोचलंव."

मग ऊन चढेपर्यंत आम्ही कोकणात होतो. मुलांना काही सांगावं लागलं नाही. धाकटी आजीला शिंपले आणून देत होती, थोरला मधूनच म्हणत होता, "आजी, तुमच्या गावात गर्दी फार झाली." सासूबाई म्हणाल्या, "मुंबैकार येतत रे सगळे." त्या दिवशी त्या घाबरल्या नाहीत, रडल्या नाहीत, परत येताना टॅक्सीत मामांच्या खांद्यावर झोपल्या.

खऱ्या निघण्याच्या दिवशी बॅगांत कपडे भरून आम्ही दारात उभे राहिलो, तर सासूबाई खाटेवरून उठायलाच तयार नाहीत. "आत्ताच इलंव मां थंयसून," त्या म्हणाल्या. "परत कित्याक?" माझ्या बायकोने समजावलं, नातवंडांनी गळ घातली. तेवढ्याने त्यांच्या डोळ्यांत ती लग्नाच्या हॉलमधली भीती दिसू लागली. मामांनी बॅगा खाली ठेवल्या. कोकणातल्या बाईंना फोन लावला आणि जरा वेळाने म्हणाले, "आम्ही येऊन गेलो असं समजा." त्यानंतर मोरीत जाऊन बराच वेळ तोंड धूत राहिले.

खरा समुद्र राहिला तो राहिलाच. आता सासूबाई खाटेवरून फारशा उठत नाहीत. संध्याकाळी ऑफिसातून जाताना मी डोकावतो तेव्हा मामा उशाशी बसून त्यांना ती सहल सांगत असतात. रोज त्यात काहीतरी वाढतं. एकदा काठावर सुरूची झाडं आली, एकदा रापणीचं लांबलचक जाळं ओढणारे कोळी आले, परवा तर जेवणात ताजे बांगडेही होते. माझ्या फुलाफुलांच्या चड्डीचा उल्लेख मात्र त्यांनी दयाळूपणे गाळून टाकला आहे. सासूबाई मन लावून ऐकतात, पण दुसऱ्या कोणाची हकिगत ऐकावी तशा. परवा सगळं ऐकून झाल्यावर त्यांनी एक लांब सुस्कारा टाकला.

"भाग्याची माणसां," त्या म्हणाल्या. मग मामांची बाही धरून हळूच विचारलं, "माका कधी न्हेशात?"

मामांनी त्यांच्या पायांवरची चादर सारखी केली.

"न्हेतंय," ते म्हणाले. "पोरांची शाळा सुटू दे."