आक्कानं भाजलेले जव

कॅनमध्ये काय आहे हे मला माहीत होतं, आणि शेजारणीनं विचारलं तेव्हा मी बोट आक्काकडे दाखवलं. ही माझी चूक. मी भित्रा आहे असं म्हणून मोकळं होता आलं असतं, पण नुसत्या भीतीनं माणूस असं वागतो का, हे मला अजून नीट कळलेलं नाही.

आक्का माझी थोरली बहीण. तिला आंबेगाव तालुक्यात, वर डोंगराकडे दिली होती. नवरा हातभट्टीच्या दारूपायी गेला आणि ती राजुरीला, आमच्या घरी राहायला आली. येताना तिनं सासरची एक विद्या आणली. नाचणी भिजवायची, फडक्यात बांधून मोड आणायचे, सावलीत वाळवायची, मंद आचेवर भाजायची, दळून वस्त्रगाळ करायची. हे सत्त्व बाळांना चांगलं मानवतं म्हणून गावातल्या बायका तिच्याकडे नाचणी आणून टाकू लागल्या. आळीतल्या बहुतेक लेकरांचा पहिला घास तिच्या हातचा होता. ती आमच्या घरात आश्रित म्हणून राहिली नाही, ती या कामामुळे.

मी दूध संकलन केंद्रावर तपासनीस होतो. दिवसभर कुणी दुधात पाणी घातलंय का, कुणी पीठ कालवलंय का, हे बघायचं. दोन हजार सालानंतरची गोष्ट. माझा एक वर्गमित्र बिअरच्या कारखान्यात लागला होता. त्यानं एकदा कारखाना दाखवला आणि सांगितलं, की खरी बिअर नुसत्या धान्याची असते. साखर नाही, गूळ नाही, मोड आलेल्या धान्यातूनच गोडी निघते. मी पिणारा नव्हतो. वर्षातून एखाद्या वेळी, तेही मित्रांच्या आग्रहानं. पण रोज भेसळ शोधणाऱ्या माणसाला ती गोष्ट भलतीच आवडली. नारायणगावच्या सायबर कॅफेतून मी कृतीची पानं छापून आणली. निम्मी समजली, निम्मी समजली असं वाटलं.

मोड आणून वाळवलेले जव आमच्याकडे कुठून मिळणार? साधे जव जुन्नरला पूजेच्या सामानाच्या दुकानात मिळायचे, तेही पुडीत. मी पाच किलो मागितले तर दुकानदार हसला.

"राव, येवढं जव? यज्ञ मांडलाय का काय?"

"घरात बाळंतपण आहे," मी म्हणालो.

ते खोटं नव्हतं. बायको पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी गेली होती. पण तेच वाक्य मी घरी येऊन आक्काला सांगितलं तेव्हा ते खोटं झालं. म्हणालो, डॉक्टरांनी बाळंतिणीला जवाची पेज द्यायला सांगितलीय, तू नाचणीसारखे मोड आणून दे. आक्काचा चेहरा असा खुलला, की त्याच क्षणी खरं सांगून टाकायला हवं होतं.

"आणि दळताना भरडच ठेव," मी म्हणालो. पानात तसं लिहिलं होतं.

"भरड? बाळंतिणीच्या पोटात टोचंल की, भाऊ."

"गाळून घेणार आहे."

"मग ठीक हाय. पर तुझ्या डॉक्टरला स्वयंपाक येत न्हाई, येवढं नक्की."

तिनं पाच दिवस त्या जवांची लेकरासारखी काळजी घेतली. फडकं वाळू दिलं नाही, मोड लांबू दिले नाहीत. मी केंद्रावरून आलो तेव्हा घरभर खमंग वास सुटला होता. मी खूश झालो. त्या वासाचा अर्थ मला कळला नाही.

पुढच्या सोमवारी आक्का बेल्ह्याच्या बाजाराला जाणाऱ्या टेम्पोत बसली आणि मी रजा टाकून परसातल्या चुलीवर पाणी चढवलं. केंद्रावरचा थर्मामीटर होता. पाणी सांगितलं तेवढं तापवलं, त्यात भरड कालवली, पातेलं गोधडीत गुंडाळून तासभर ठेवलं. एवढ्या वेळात धान्यातल्या पिठाची साखर व्हायला हवी होती. झाली की नाही हे बघायची खूण मला पाठ होती, कारण दुधात पीठ घातलंय का ते आम्ही तसंच बघायचो. आयोडीनचा थेंब टाकायचा. निळं झालं तर पीठ आहे.

निळं झालं.

मी अजून अर्धा तास थांबलो. निळं. पाणी परत तापवलं, पानं परत वाचली, थर्मामीटर उकळत्या पाण्यात धरून बघितला. निळंच. चाखून बघितलं तर भाजक्या पिठाची गिळगिळीत पेज. डॉक्टरांच्या नावावर मी जी थाप मारली होती, नेमकी तीच माझ्यापुढे तयार होऊन बसली होती. माझं काय चुकलं हे मला कळेना. आणि आक्का यायची वेळ झाली होती.

मग मी गूळ घातला. चांगला दोन ढेपा. थंड झाल्यावर बेकरीतून आणलेलं यीस्ट घातलं, सगळं दुधाच्या कॅनमध्ये ओतलं आणि तो कॅन आक्काच्या चुलीमागच्या कोपऱ्यात, उबेला ठेवला. नुसत्या धान्याची बिअर तिथंच संपली. गूळ आणि आंबवण म्हटलं की आमच्याकडे काय बनतं, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. मला कसं सुचलं नाही? खरंच सुचलं नाही, की सुचूनही मी तिकडे बघितलं नाही, ते सांगता येत नाही. आक्कानं विचारलं तर म्हणालो, केंद्रावरचा ताकाचा प्रयोग आहे, झाकण काढू नकोस.

तिसऱ्या दिवशी सकाळी शेजारीण कडेवर मुलगी घेऊन सत्त्वाचा डबा न्यायला आली. त्याच वेळी झाकण उडालं. फेस चुलीवर, भिंतीवर, आक्काच्या पसरलेल्या नाचणीवर. वास इतका ओळखीचा होता, की शेजारणीनं पदर नाकाला लावला.

"आक्का, ह्ये काय गं? हा वास तर..."

शेजारीण माझ्याकडे बघत होती. मी केंद्राचा गणवेश घालून उभा होतो. मी म्हणालो, "आक्कानं आंबील घातली होती. जास्तच आंबलीय वाटतं." आणि बोट केलं.

आक्कानं कॅनकडे बघितलं, मग माझ्याकडे. तो वास तिच्याइतका कुणाला माहीत असणार.

"व्हय," ती म्हणाली. "माझीच हाय."

शेजारीण डबा न घेता गेली. आक्कानं कॅन उचलला, उकिरड्यावर नेऊन पालथा केला, राखेनं तीनदा घासला. पंधरा दिवसांत नाचणी येणं बंद झालं. कुणी भांडलं नाही, कुणी काही म्हणालं नाही. "आता बाजारातलं पाकीट आणतो, आक्का," एवढंच. हातभट्टीत नवरा गेला तरी बाई सुधारली नाही, हे पाठीमागं बोललं गेलं. ते मी दूध घालायला येणाऱ्यांकडून ऐकलं, आणि आयोडीनची बाटली पुसत राहिलो.

ती "माझीच हाय" का म्हणाली? माझी नोकरी वाचावी म्हणून? की माझी लाज वाटली म्हणून? मला कळत नव्हतं. आणखी एक वाईट गोष्ट सांगतो. मनातल्या मनात मी तिच्यावरच रागावलो होतो. तिला आधीच संशय आला असणार आणि तिनं मुद्दाम काहीतरी बिघडवलं असणार, असं मला वाटायचं. त्या रागानं मला बरं वाटायचं.

सहा-सात वर्षांनी तो वर्गमित्र आळेफाट्याला भेटला. चहा पिताना मी सगळी कृती सांगितली.

"मोड आणून भाजले? चांगले खमंग?" तो हसायला लागला. "मग गोडी कुठून येणार? जी शक्ती पिठाची साखर करते, ती कढईतच मेली की, येड्या. नुसते वाळवायचे असतात. सांगितलं नाहीस का तिला?"

मला माहीत असतं तरी कसं सांगणार होतो? सत्त्व म्हटलं की भाजणं आलंच. भाजू नको म्हटलं असतं तर तिनं 'का?' म्हणून विचारलं असतं.

घरी आलो तर आक्का अंगणात मटकी निवडत होती. मी विचारलं, "ते जव तू का भाजले होतेस?"

तिला आठवायला वेळ लागला नाही. "कच्चं बाळंतिणीला बाधतं, भाऊ. तुझ्या बायकोसाठी म्हणून दोन येळा भाजलं व्हतं मी."

मी कुंपणाशी जाऊन शेजारणीला हाक मारली. ती हात पुसत आली, मागोमाग तिची मुलगी, आता शाळेत जाणारी. आक्का म्हणाली, "आरं, तिला कशाला बोलावतो?"



"वहिनी, त्या दिवशी कॅनमध्ये आंबील नव्हती. दारू होती, मी केलेली. आक्काला त्यातलं काही माहीत नव्हतं. मी तिच्याशी खोटं बोललो आणि तुमच्यापुढे तिच्यावर ढकललं." मग मी आक्काकडे वळलो. तिनं मटकीतली बोटं काढली नव्हती. "आक्का, तुझं काम माझ्यामुळे गेलं, आणि इतकी वर्षं मी गप्प बसलो. माझं चुकलं. मला माफ कर."