हिची घोडी

रँचवरची ती सुट्टी बायकोने हौसेने बुक केली होती. जेवणखाण, घोडेस्वारी, सगळं त्यातच. ती त्याआधीच गेली, तरी मुलगी आणि नात मला ओढून घेऊन गेल्या.

घोडे सांभाळणाऱ्या वयस्कर बाईंनी आम्हा प्रत्येकाला आठवडाभरासाठी एकेक घोडा नेमून दिला. एक घोडी उरली.

"दॅट्स आजी'ज," नात म्हणाली. "शी डाइड."

बाईंनी हॅट काढली. मग त्या घोडीवरही खोगीर चढवलं, पट्टा नीट ओढून पाहिला.

"मी इथेच बसतो," मी म्हणालो.

"बसा. पण आधी हिला ओढ्यापर्यंत फिरवून आणा. हिला एकटं चालायची सवय नाही." लगाम त्यांनी माझ्या हातात दिला.

माझं सांत्वन पुष्कळांनी केलं होतं. काम त्यांनीच दिलं.

दुसऱ्या सकाळी माझा घोडा तबेल्यातच राहिला. मी हिच्या घोडीवर बसलो.